बी विंगवरचा शनी

आमच्या बाबांवर चोरून बघण्याचा आळ आला, तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य आईला वाटलं. या माणसाला समोर ठेवलेलं दिसत नाही, हा चोरून काय बघणार, असं तिचं म्हणणं. बाबा किल्ली हातात धरून किल्ली शोधतात. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतात, आणि आमचं दुकानच चष्म्यांचं आहे.

दुकान चष्म्यांचं आहे हाच घोळ होता. किराणावाल्यावर असा आळ आला तर लोक थोडे दिवस कुजबुजतात आणि साखर संपली की परत येतात. चष्मेवाल्याचं तसं नाही. दुकानाच्या मागे एक अंधारी खोली असते. तिथे गिऱ्हाईक उंच खुर्चीत बसतं, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळतो, आणि तपासणारा माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर येऊन डोळ्यात उजेड पाडतो. एकमेकांचा श्वास ऐकू येतो इतक्या जवळ. बाबा आयुष्यभर त्या अंतरावर कांदा न खाता आणि हवापाण्याबद्दल बोलत उभे राहिले आहेत. त्या वीतभर जागेवर आमचं घर चालतं. ती जागा भरवशाची नाही असं लोकांना एकदा वाटलं, की आम्हाला फक्त चष्म्याच्या दोऱ्या विकता येतील.

मी फ्रेमांच्या काउंटरवर असते, त्यामुळे पहिला फटका मला दिसला. बायका फ्रेम बघायच्या, आरशात मान वळवायच्या, आणि नंबर तपासायची वेळ आली की त्यांना गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं. एक बाई तर म्हणाल्या, जुन्याच नंबरचा करून द्या, पण डोळे बघू नका. तिकडे बाबांनी आपल्या बाजूने उपाय म्हणून रस्त्याने मान खाली घालून चालायला सुरुवात केली. त्यामुळे ते बायकांना धडकायला लागले आणि प्रकरण आणखी चिघळलं.

आळ आला तो दुर्बिणीपायी. आयुष्यभर जवळचं बघितलं, आता जरा लांबचं बघतो, एवढंच म्हणून बाबांनी ती मागवली होती. साधी नव्हती. तिच्या तिपाईवर मोटारी आणि कॉम्प्युटर बसवलेला होता आणि हातात धरायला रिमोट. रिमोटवर ग्रहाचं नाव निवडलं, की दुर्बीण गुरगुरत स्वतःहून तिकडे वळते आणि त्या ग्रहाचा पाठलाग करत राहते. अट एकच. आधी तिला दोन तारे दाखवावे लागतात. ती म्हणते, मी अमुक ताऱ्याकडे तोंड करते, तुम्ही त्याला नीट मधोमध आणा आणि ‘हो, हाच’ असं बटण दाबा. दोनदा असं झालं की उरलेलं आकाश ती मनाशी मांडून घेते. सांगणाऱ्याने चुकीचा तारा दाखवला तरी ती शंका घेत नाही. स्वभावाने ती आईपेक्षा बाबांवर गेली होती.

अडचण अशी, की आमच्या आकाशात दाखवायला तारेच नसतात. अंधार पडला की इथलं आकाश काळं होत नाही, गाजराच्या रंगाचं होतं. मॉलच्या छपरावरचा फलक, मैदानाचे दिवे, समोरच्या बांधकामावरच्या क्रेनचे दिवे, आणि या सगळ्यांवर कडी म्हणून बी विंगच्या कठड्यावरचा आमच्या सेक्रेटरींचा फोकस. सेक्रेटरींचं दिव्यांचं दुकान आहे. दिसेल तिथे दिवा लावणारा माणूस. तो फोकस थेट आमच्या गच्चीवर येतो. बी विंग आमच्यापेक्षा उंच, त्यामुळे तिकडे बघायचं म्हणजे भरधाव गाडीच्या दिव्याकडे बघत बसण्यासारखं. फोकसच्या मागे आणि खाली काय आहे ते काही म्हणजे काही दिसत नाही.

आणि शनी नेमका त्या दिवसांत संध्याकाळी बी विंगच्या मागून वर यायचा.

शनी माणसाच्या मागे लागतो म्हणतात. आमच्याकडे बाबाच शनीच्या मागे लागले होते. रोज संध्याकाळी दुकानातून येऊन ते दुर्बिणीचं तोंड बी विंगकडे करायचे. एकदाच तो त्यांना कडीसकट दिसला, तिळाएवढा. त्या संध्याकाळी ते जेवताना कोणाशी बोलले नाहीत, आणि आईने मला विचारलं की यांचं कुठे दुखतंय का.

बी विंगच्या अगदी वरच्या मजल्यावर ज्या काकू राहतात, त्यांच्या हॉलचं काम तेव्हा नुकतंच झालं होतं. रंग नवा, सोफा नवा, आणि पडदे मापात चुकले म्हणून शिंप्याकडे परत गेलेले. उघड्या खिडकीतून काकूंना समोर काय दिसायचं? चष्मेवाला, त्याची नळी, आणि नळीचं तोंड आपल्याकडे. त्यांनी तक्रार केली यात मला तरी काही वावगं वाटलं नाही. मी असते तर बादली फेकली असती. पण तक्रार एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना अंगाने भरत गेली. तळमजल्यापर्यंत पोचली तेव्हा दुर्बीण भिंतीपलीकडचं बघू लागली होती. एक गृहस्थ आडोशाला घेऊन बाबांना विचारून गेले, की माझा मेहुणा घरात असून नाही म्हणतो, तेवढं जरा बघता का.

कमिटीने ठराव केला की प्रात्यक्षिक घ्यायचं. चेअरमन पूर्वी कोर्टात कारकून होते, त्यामुळे आमच्या इमारतीत साधी पाण्याची टाकी धुवायची तरी सुनावणी होते. त्यांनी बाबांना अटी वाचून दाखवल्या. दुर्बिणीतून शनी दिसतो हे कमिटीला आणि तक्रारदारांना गच्चीवर दाखवायचं. दिसला, तर तक्रार निकालात. न दिसला, तर गच्चीची किल्ली जमा, आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस. बाबा किल्लीचं ऐकून घेत होते. फळ्याचं नाव निघालं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. तो फळा सगळी इमारत वाचते, येणारेजाणारे वाचतात, आणि आमचं निम्मं गिऱ्हाईक इमारतीतलं आणि उरलेलं त्यांच्या पाहुण्यांतलं.

बाबांनी विनंती केली की तेवढ्या वेळापुरता फोकस बंद ठेवावा. सेक्रेटरी म्हणाले, अंधारात दाखवलेल्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत.

प्रात्यक्षिकाच्या संध्याकाळी आईने बाबांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. शनीला काय फरक पडतो असं ते म्हणाले, तर ती म्हणाली, शनीला नाही, चेअरमनना पडतो. दुपारी एका गिऱ्हाइकाला मी डाव्या काचेच्या जागी उजवी काच बसवून दिली आणि त्यांनी तो चष्मा घालून छान आहे म्हटलं, यावरून माझी काय अवस्था होती आणि त्यांची काय होती ते कळेल. बाबा सारखे हात धूत होते. कर नाही त्याला डर कशाला, असं मी त्यांना धीर द्यायला म्हटलं. ते म्हणाले, डर त्यालाच जास्त असते, कारण ज्याने केलंय त्याने निदान तयारी तरी केलेली असते.

गच्चीवर मंडळी जमली. चेअरमन घरून घडीची खुर्ची घेऊन आले. सेक्रेटरी आल्याआल्या आपल्या फोकसकडे समाधानाने बघून डोळे चोळत उभे राहिले. काकू आल्या त्या थेट कठड्यापाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पूर्वी त्या बाबांना भावजी म्हणायच्या. आता चेअरमनकडे बघून ‘त्या गृहस्थांना सांगा, लवकर आटपा म्हणावं’ असं म्हणाल्या. ते गृहस्थ त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते.

मी रिमोट हातात घेतला, कारण बाबांचा एक हात घामाने घसरणारा चष्मा वर सारण्यात गुंतला होता.

पहिला तारा रिमोटने मागितला अभिजित. तो डोक्यावर होता, आणि गाजराच्या रंगातून का होईना, चिमूटभर उजेड देत होता. मी त्याला मधोमध आणलं, बटण दाबलं. दुसरा मागितला स्वाती. दुर्बीण गुरगुरत पश्चिमेला वळली आणि खाली वाकून थांबली. तिकडे मॉल, तिकडे बांधकाम, आणि मध्ये धुरकट हवा. नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून बघितलं, मोठीतून बघितलं. बाबांनी बघितलं. स्वातीचा पत्ता नव्हता. मागे चेअरमनची खुर्ची करकरली. काकूंनी घड्याळाकडे बघितल्याचं त्यांच्या बांगड्यांवरून कळलं. आणि तेवढ्यात बाबा माझ्या कानाशी म्हणाले, ‘तो बघ. पिवळसर. तोच.’

पिवळसर होता खरा. स्वाती पिवळसरच असते. मी बाणाची बटणं दाबत त्याला मधोमध आणलं. तो हळूच डावीकडे सरकला. परत आणलं. परत सरकला. मी बाबांना म्हटलं, हा हलतोय. बाबांच्या आधी चेअरमन खुर्चीतून म्हणाले, ‘हलणारच. पृथ्वी फिरते ना.’

मी बटण दाबलं. रिमोटवर ‘जुळणी यशस्वी’ असं आलं. मग मी मान वर करून त्या दिशेला नुसत्या डोळ्यांनी बघितलं. मी क्रेनच्या टोकाचा दिवा दुर्बिणीला स्वाती म्हणून सांगितला होता. क्रेन विटांची पाटी घेऊन सावकाश डावीकडे निघाली होती.

बाबांनीही ते बघितलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि दोघांनीही काही बघितलं नाही असं ठरवलं. पुन्हा सुरुवात करायची म्हणजे सगळ्यांसमोर चुकलं म्हणायचं, आणि दुसरा तारा तर तेव्हाही मिळणार नव्हता. बाबा हळूच म्हणाले, थोडासाच फरक पडेल. मी शनी निवडला.

दुर्बीण पूर्ण वळली. तिचं गुरगुरणं गच्चीवर एरवी मला मांजरासारखं वाटतं, त्या दिवशी दाताच्या डॉक्टरसारखं वाटलं. तिने बी विंगकडे तोंड केलं, फोकसच्या झोतात शिरली, जरा वर, जरा खाली, आणि थांबली. बघणाऱ्याला वाटावं की आपल्याला काय करायचंय हे हिला पक्कं माहीत आहे. मी भिंगाला डोळा लावणार, तर चेअरमन उठलेच. प्रथम कमिटी, म्हणाले. वाकले. एक डोळा लावून बघितला, मग दुसरा.

मला वाटलं, काहीच दिसत नाही हे कायद्याच्या भाषेत कसं म्हणायचं याचा ते विचार करताहेत. मनात मी फळ्यावरची नोटीस वाचून पार केली होती, दुकानाला कुलूप घातलं होतं, आणि बाबांना दोऱ्या विकायला बसवलं होतं.

‘कडी आहे हो,’ चेअरमन म्हणाले. ‘गोळा आहे. गोळ्याभोवती कडी आहे.’

सेक्रेटरी धावले. त्यांनी बघितलं आणि नुसतं ‘अबब’ म्हटलं. किती सोनेरी आहे, म्हणाले, आणि किती मोठा. जरा धूसर दिसतो, पण एवढ्या लांबून येतो म्हणजे तेवढं चालायचंच. उजेडाचा माणूस म्हणून त्यांनी एक व्यावसायिक मतही दिलं, की या प्रकाशात ऊब आहे, असा बाजारात मिळत नाही. मग चेअरमननी पुन्हा बघितलं. मग त्यांनी काकूंना बोलावलं.

काकू नाइलाजाने आल्यासारख्या आल्या. पदर सावरून वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. खूप शांत वाटलं, म्हणाल्या. आपण इथे खिडक्या आणि पडदे करत बसतो, आणि तिकडे तो एकटा असा लोंबकळत असतो. आईला त्यांनी हाताला धरून पुढे ओढलं, तुम्ही पण बघा हो, असं म्हणून. आईने बघितलं आणि म्हणाली छान आहे, पण माझ्याकडे अशी नजर टाकली, की भिंगाकडे निघालेली मी जागीच थांबले. आईने बी विंगच्या त्या घराची चहाची निमंत्रणं कधी चुकवलेली नाहीत.

चेअरमन खुर्चीवर बसून सुनावणी संपवायला लागले होते. दुर्बीण आकाशाकडेच असते हे सिद्ध झालं, तक्रारदारांचं समाधान झालं, तक्रार निकालात. काकू स्वतः म्हणाल्या, माझा गैरसमज झाला, उद्याच सगळ्यांना सांगते. मी दुर्बिणीचं झाकण शोधायला लागले.

आणि बाबा म्हणाले, मी जरा बघू का?

त्यांना कोणी नको म्हणू शकत नव्हतं. दुर्बीण त्यांची, शनी त्यांचा. ते वाकले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. शिकाऊ माणसालाही कळतं, तिळाएवढा दिसणारा ग्रह एका रात्रीत संत्र्याएवढा होत नाही. बाबांच्या पाठीवर इस्त्रीचा शर्ट ताणला गेला आणि तसाच राहिला. त्यांनी हात पुढे करून भिंगाशेजारचं बटण हळूहळू फिरवलं, गिऱ्हाइकाचा नंबर जुळवताना फिरवतात तसं, थोडं पुढे, थोडं मागे. मग थांबले. आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. आईने पुढे होऊन त्यांचा कोपर धरला. तिने तो दाबला हे मला फोकसच्या उजेडात दिसलं. फोकसच्या उजेडात सगळंच दिसतं, ते एक आहे.

बाबा सरळ झाले. चष्मा घातला. काकूंकडे बघितलं, कित्येक दिवसांत पहिल्यांदा एखाद्या बाईच्या तोंडाकडे बघितलं.

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘हा शनी नाही. तुमच्या हॉलमधला दिवा आहे.’

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज तेवढा येत होता. पहिले भानावर आले ते सेक्रेटरी. त्यांनी घाईने जाऊन बघितलं आणि शनीच आहे म्हणून सांगितलं. चेअरमन म्हणाले, एकदा निकाल दिल्यावर असा पुरावा आणता येत नाही. काकूंना मात्र राग आला. त्यांचं म्हणणं, मी तो दिवा स्वतः पसंत केलाय, सेक्रेटरींच्याच दुकानातून घेतलाय, ते स्वतः येऊन लावून गेलेत. मला माझा दिवा कळत नाही का, आणि यांना यांचा माल कळत नाही का?

बाबा म्हणाले, दुधी काचेचा गोळा आहे, भोवती पितळी कडी आहे, आणि वर छताला तार गेली आहे. शनीला तार नसते.

काकूंनी फोन काढला आणि सुनेला लावला. हॉलमधला दिवा बंद कर, म्हणाल्या. कोणता, असं सुनेने विचारलं असावं, कारण काकू म्हणाल्या, नवा, गोळ्याचा, आणि प्रश्न विचारू नकोस. चेअरमन भिंगाला डोळा लावून उभे.

‘गेला,’ चेअरमन म्हणाले.

काकूंनी सांगितलं, आता लाव.

‘आला,’ चेअरमन म्हणाले.

असं बऱ्याचदा झालं. एखादा ग्रह एका सुनेच्या बोटावर असा चालल्याचं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. शेवटी तिकडून सून वैतागून काहीतरी बोलली आणि काकूंनी फोन ठेवला. सेक्रेटरी तोपर्यंत पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभे राहिले होते.

चेअरमन खुर्चीत बसले. त्यांनी खिन्न आवाजात सांगितलं, की माझा नाइलाज आहे. दुर्बिणीतून तक्रारदारांच्या घरातलं दिसतं हे आता सिद्ध झालं, आणि ते संबंधितांनी स्वतःच सिद्ध केलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा पक्षकार बघितला नाही. बाबांनी खिशातून गच्चीची किल्ली काढून दिली. यावेळी ती त्यांना लगेच सापडली.

घरात आल्यावर आईने दार लावलं, पाणी प्यायली, आणि मग विचारलं.

‘मिनिटभर गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला?’

बाबा म्हणाले, दुकानात गिऱ्हाईक म्हणतं दिसतंय, दिसतंय. भिडेपोटी म्हणतं. मला कळतं की दिसत नाहीये. म्हणून काय तसाच चष्मा देऊन पाठवू?

‘हो,’ आई म्हणाली. ‘आजच्या दिवस पाठवायचा होतात.’

सकाळी फळ्यावर नोटीस होती. ‘गच्चीवरील दुर्बिणीतून बी विंगमधील सदनिकेतील दिवा दिसतो हे संबंधित सभासदाने स्वतः कबूल केले आहे. सबब गच्ची पुढील सूचनेपर्यंत बंद.’ चेअरमनची भाषा. खोटं एक अक्षर नव्हतं. मी लिफ्टची वाट बघत ती पाठ होईपर्यंत वाचली, कारण शेजारी उभ्या असलेल्या बाईही ती वाचत होत्या आणि आम्हाला एकमेकींकडे बघायचं नव्हतं. लिफ्ट आली तेव्हा त्या म्हणाल्या, मी जिन्याने जाते. त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं.

दुकानात शुकशुकाट होता. बाबा फ्रेमा पुसत होते. पुसून झालेल्या फ्रेमा पुन्हा पुसत होते. एक पुरुष गिऱ्हाईक आला त्याच्याशी ते इतकं बोलले की तो घाबरून गेला. मी मनात हिशेब मांडायला घेतला, काय विकता येईल, कोणाकडे नोकरी मागता येईल, आणि प्रत्येक वेळी मध्येच सोडून दिला. अंधाऱ्या खोलीचं दार बाबांनी सकाळपासून सताड उघडं ठेवलं होतं. बाहेरचा उजेड थेट तक्त्यावर पडत होता आणि खालच्या ओळी नुसत्या राखाडी दिसत होत्या. असं उघड्या दाराने नंबर काढला तर चुकतो, हे त्यांनीच मला शिकवलंय. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, असू दे, निदान आत काय चाललंय ते लोकांना दिसेल.

काउंटरवर दोन बायका आल्या होत्या. त्या फ्रेमा बघत नव्हत्या, त्या दार बघत होत्या. नोटीस वाचून आलेल्या बायकांना ओळखायला मी एव्हाना शिकले होते.

मग काकू आल्या.

त्यांना बघून त्या दोघींनी एकमेकींना कोपराने ढोसलं. माझ्या हातातली फ्रेम खाली पडली. बाबा उठून उभे राहिले, आणि काय करावं न सुचून त्यांनी हात पाठीमागे बांधले. काकूंनी पर्स काउंटरवर आपटली. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणाल्या. स्वतः निवडलेला दिवा. रोज त्याच्याखाली बसते. तो समोर आला तर मला ओळखता आला नाही, वर रडले मी त्याला बघून. सुनेला कळलंय, आता ती जन्मभर ऐकवेल.

बाबा पुटपुटले, की दुर्बीण जुळवताना आमचीच चूक झाली, आणि अशा उजेडात कोणीही.

काकूंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

‘चोरून बघणारा माणूस काय बघितलं ते सांगत सुटत नाही,’ त्या म्हणाल्या. त्या दोघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, पण त्यांच्याकडे न बघता. ‘माझा नंबर वाढलाय. तपासा.’

आणि कोणाची वाट न बघता आत जाऊन उंच खुर्चीत बसल्या.

बाबा त्यांच्यामागे गेले. दारातून सगळं दिसत होतं, त्यांना दिसावं असंच वाटत होतं. त्यांनी तपासणीची जड फ्रेम काकूंच्या नाकावर बसवली, एक डोळा झाकला, आणि हात मागे घेतला तो इतका झटकन, जणू तवा लागला. वीतभर अंतर सोडून ते चांगले दोन पावलं लांब उभे होते. तिथून त्यांनी शेवटची ओळ वाचायला सांगितली. काकूंनी मान पुढे केली, मागे केली, तिरकी केली.

‘काय वाचू, डोंबल,’ त्या म्हणाल्या. ‘उजेड येतोय सगळा. दार लावा.’

बाबा हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघी बायका काउंटरवर ओणव्या झाल्या होत्या. मी जाऊन दार लावलं. लावताना मुद्दाम आवाज केला नाही, आणि न करण्याचाही प्रयत्न केला नाही, नेहमी लावते तसंच लावलं, आणि परत येऊन काउंटरमागे उभी राहिले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मी ते गल्ल्यावर ठेवले.

आधी आतून तक्त्याच्या दिव्याचं बटण वाजलं. मग बाबांचा आवाज आला, या आठवड्यात हवा जरा दमटच आहे नाही, असं काहीतरी. मग काकूंचा. त्या अक्षरं वाचत होत्या, एकामागून एक, मोठ्याने, ठासून, आणि बहुतेक सगळी चुकीची.